रूट कॅनाल करताना दाढेला भोक पडलं असेल तर
(आमच्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांसाठी माहितीपत्रक)

अर्धवट राहिलेलं रूट कॅनाल घेऊन येणाऱ्यांच्या हातात बहुधा एक्स-रेचं पाकीट असतं आणि तोंडी एक वाक्य: ‘डॉक्टर म्हणाले, मूळ गेलंय.’ गेलंय म्हणजे काय, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. पहिल्या भेटीत आम्ही तेच शोधतो. मुळाला उभी चीर गेली असेल, तर बहुतेक वेळा दाढ काढावी लागते. भोक पडलं असेल तर मात्र पुष्कळदा दाढ वाचते.

भोक पडतं कसं

दाताची नस ज्या नळीत असते ती मुळातच बारीक. वय वाढेल तशी ती आतून आणखी आवळत जाते, कधी चुन्यासारखी भरून येते. तिचं तोंड शोधताना ड्रिल भलतीकडे वळलं, तर दाढेच्या तळाला, जिथून मुळं फुटतात तिथे भोक पडतं. खालच्या पहिल्या दाढेचं पुढचं मूळ आमच्या धंद्यात बदनामच आहे. ते मागे वळलेलं असतं आणि त्या बाजूची भिंत जागोजाग जेमतेम १ मिलिमीटरची. नळी साफ करायला आत फिरवतो त्या बारीक फाइलचा (सुईसारख्या कानशीचा) कल सरळ होण्याकडे, त्यामुळे वळणावर ती एकच बाजू घासत राहते आणि भिंत झिजून फाटते. कधी सगळं नीट पार पडतं आणि शेवटी आधाराची पोस्ट, म्हणजे मुळात रोवायची काडी, बसवायला जागा करताना घोळ होतो.

हे निष्काळजीपणानेच होतं असं नाही. मुरलेल्या हातांकडूनही होतं, आमच्याकडूनही झालेलं आहे. पण झालं की त्याच दिवशी रुग्णाला सांगायचं आणि केसपेपरवर लिहायचं, यात सूट नाही. न सांगता वर कॅप बसवली, की पुढचे महिने जंतूंना आंदण मिळतात. मग चावताना कळ येते, हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा येते.

दाढ वाचेल का

भोक किती मोठं आणि किती जुनं, हे बघतोच. पण सगळ्यात जास्त बघतो ते कुठे आहे. मुळाच्या टोकाजवळचं भोक तुलनेने सोपं. हिरडीच्या कडेशी, हाडाच्या वरच्या काठावर असेल तर अवघड, कारण तिथे तोंडातले जंतू थेट पोचतात आणि हिरडी सुटून खिसा तयार होतो. टाचणीच्या टोकाएवढं भोक त्याच बैठकीत बुजवलं, तर निकाल सहसा चांगला लागतो. साध्या एक्स-रेत दाढ एकाच बाजूने दिसते, म्हणून गरज पडल्यास त्या भागाचा सीबीसीटी, म्हणजे सगळ्या बाजूंनी दाखवणारा, स्कॅन सांगतो. प्रत्येकाला सांगत नाही.

आधी आतून प्रयत्न

शस्त्रक्रिया ही पहिली पायरी नव्हे. मायक्रोस्कोपखाली दाढेच्या आतूनच भोक बुजवता आलं, तर आम्ही तेच करतो. त्यासाठी लागणारं सिमेंट, एमटीए, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी विकसित केलं. त्यावरचा पहिला शोधनिबंध १९९३ सालचा. घटकांनी ते बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटचं भावंडच, फक्त शुद्ध केलेलं आणि एक्स-रेत उठून दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड मिसळलेलं. नव्या स्लॅबला पाणी मारतात ना, तसंच यालाही घट्ट व्हायला ओल लागते. दाताचं नेहमीचं भरण ओलीत आणि रक्तात टिकत नाही. इथे ओलच कामी येते. एमटीए घट्ट व्हायला काही तास घेतं, याच जातीचं दुसरं सिमेंट, बायोडेंटिन, साधारण १२ मिनिटं. कोणतं वापरायचं ते जागेवरून ठरतं.

शस्त्रक्रिया केव्हा आणि कशी

आतून पोचता येत नसेल, मजबूत पोस्ट आणि कॅप आधीच बसलेली असेल, नळीत भरलेला मसाला मुळाबाहेर गेला असेल, किंवा आतून बुजवूनही पुळी हटत नसेल, तेव्हा बाहेरून जावं लागतं. तेवढ्या भागाला भूल देतो. तुम्ही जागे असता. हिरडी बाजूला करून हाडात छोटी खिडकी पाडतो, भोकाभोवतीचा सुजलेला, सडका भाग खरवडून काढतो आणि भोक सिमेंटने बंद करतो. दुखणं टोकाशी असेल तर मुळाचं टोक सुमारे ३ मिलिमीटर कापून मागून तेवढंच खोल सील करतो. मग टाके. बहुधा तासा-दीड तासाचं काम.

भोक गालाच्या बाजूला असेल तर हात पोचतो. जिभेच्या बाजूला किंवा दोन मुळांच्या बेचक्यात असेल तर पोचत नाही, आणि तसं आम्ही आधीच सांगतो. अशा वेळी कधी खराब मूळ तेवढं कापून काढता येतं. कधी दाढ अलगद काढून, सलाइनने ओली ठेवत, हातात दुरुस्त करून काही मिनिटांत परत बसवता येते. ऐकायला अघोरी वाटतं, पण ही जुनी, मान्य पद्धत आहे. मात्र मुळं सरळ, एकत्र असावी लागतात. हेही जमणार नसेल तर दाढ काढा असंच सांगू. न टिकणाऱ्या दाढेवर तुमचे पैसे घालवायचे नाहीत.

धोके आहेत. खालच्या जबड्यात नसेला धक्का लागला तर ओठ काही काळ, क्वचित कायमचा, बधिर राहतो. वरच्या जबड्यात सायनस, म्हणजे नाकाशेजारची पोकळी, जवळ असतो. हिरडी थोडी खाली सरकून मूळ उघडं पडू शकतं, मग गार पाणी झोंबतं.

येण्याआधी आणि नंतर

जेवून या, भूल फक्त तोंडापुरती असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आम्ही तुमच्या फिजिशियनशी बोलू. हाडं ठिसूळ होतात म्हणून इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू असेल तर न विसरता सांगा. मधुमेह असेल तर अलीकडचा रिपोर्ट आणा. मिश्री, गुटखा, सिगारेट बंद: मिश्री हे दंतमंजन नव्हे, तंबाखू आहे, आणि तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो.

पहिला दिवस गालावरून बर्फ लावा, थांबून थांबून. जोरात चूळ भरू नका, स्ट्रॉ नको, जखमेवर लवंगेचं तेल किंवा हळद नको. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. मऊ भात, खिचडी चालेल. भाकरी त्या बाजूने नको. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, घाबरू नका. पण त्यानंतरही वाढत राहिली, ताप आला, तोंड उघडेना, किंवा अर्धा तास गॉज दाबूनही रक्त थांबेना, तर फोन करा. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर आमची वाट न पाहता सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

टाके ३ ते ७ दिवसांत निघतात. हाड मात्र सावकाश भरतं, म्हणून ६ महिन्यांनी आणि १ वर्षाने एक्स-रे काढतो. दुखत नाही म्हणून बरेच जण ती भेट चुकवतात. मुळापाशी काळी सावली वाढत असली तरी कित्येकदा दुखत नाही.

पहिल्या भेटीला जुने सगळे एक्स-रे आणा, आधीच्या दवाखान्यातून केसपेपरची प्रत मागून घ्या आणि रूट कॅनाल कोणत्या तारखेला सुरू झालं ते लिहून आणा. खर्चाचा अंदाज तपासणीनंतर लेखी देतो.