पीतपिंडावस्थेतील हॉर्मोन उपचार

अंडमोचनानंतर, म्हणजे अंडाशयातून अंडे सुटल्यावर, रिकाम्या पुटकापासून (अंडे वाढविणाऱ्या पिशवीपासून) पीतपिंड तयार होतो; तेव्हापासून पाळीपर्यंतचा काळ म्हणजे पीतपिंडावस्था. त्याचे प्रोजेस्टेरॉन (गर्भाशय गर्भधारणेस तयार करणारे हॉर्मोन) अपुरे पडत असल्यास, किंवा पडण्याची शक्यता असल्यास, ते बाहेरून पुरविण्याचा वंध्यत्वावरील उपचार.

अमेरिकन वैद्य जॉर्जिआना जोन्स यांनी १९४९ मध्ये ‘पीतपिंडावस्था न्यूनता’ ही कल्पना मांडली. ती वंध्यत्वाचे स्वतंत्र कारण आहे काय, हा वाद अजून मिटलेला नाही. गर्भाशयाच्या अंतःस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्याची वाढ मागे पडली आहे का, हे पूर्वी ठरवीत. पण सहज गर्भधारणा झालेल्या स्त्रियांतही मागे पडलेला अंतःस्तर आढळतो. रक्तचाचणीही फसवी ठरते. प्रोजेस्टेरॉन स्पंदांनी, म्हणजे थांबून थांबून, स्रवते व दीड तासात त्याची पातळी आठपटीपर्यंत बदलू शकते. सकाळी ‘कमी’ ठरलेली स्त्री दुपारी ‘पुरेशी’ ठरेल. अंडमोचनापासून पाळीपर्यंतचा काळ १० दिवस वा त्याहून कमी असणे, हा निकष त्यातल्या त्यात उपयोगी. न्यूनता हा स्वतंत्र विकार नसून बहुधा अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे विकार, वाढलेले प्रोलॅक्टिन (दूध निर्माण करविणारे हॉर्मोन), अतिव्यायाम वा उपासमार यांचा परिणाम असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास उपचार मूळ कारणावरच हवा.

आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर अंडे फलित करण्याच्या उपचारात) मात्र या उपचाराची गरज निर्विवाद आहे. अंडे शोषून घेताना पुटकातील पेशी निघून जातात म्हणून न्यूनता येते, असे आधी मानले जाई. आता असे दिसते, की एकाच वेळी वाढलेल्या अनेक पुटकांमुळे स्टेरॉइड हॉर्मोने फार चढतात, पोष (पिट्युइटरी) ग्रंथीतील एलएच हे पीतपिंडाला टिकविणारे हॉर्मोन दबते आणि पीतपिंड अकाली सुकतात. गोठवलेला भ्रूण केवळ हॉर्मोनांनी तयार केलेल्या गर्भाशयात सोडल्यास पीतपिंडच नसतो. तेथे सारी भिस्त औषधावर.

प्रोजेस्टेरॉन योनिमार्गे किंवा स्नायूत तेलकट इंजेक्शनाने देतात; डायड्रोजेस्टेरॉन या प्रोजेस्टेरॉनसारख्या कृत्रिम औषधाच्या गोळ्याही चालतात. एचसीजी हे पीतपिंडाला चालना देणारे हॉर्मोन गुणकारी असले, तरी त्याने अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा धोका वाढतो. औषधानेच पाळी लांबते, स्तन दुखतात, झोप येते. ही लक्षणे गर्भधारणेची समजून अनेक स्त्रिया आशा बांधतात. तेव्हा हे उपचारापूर्वीच सांगायला हवे आणि निर्णय रक्तचाचणीवर सोपवावा.

गर्भारपणाच्या सातव्या आठवड्यापूर्वी पीतपिंड काढल्यास गर्भपात होतो, नंतर सहसा होत नाही, हे संशोधक चापो यांनी १९७० च्या दशकात दाखविले. तोवर वार (अपरा) प्रोजेस्टेरॉननिर्मिती हाती घेते. म्हणून उपचार बहुधा आठव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवतात.