डार्विनला सूट, घरच्यांना तंबी

सोलापुरात उत्क्रांतीवर कुणी व्याख्यान दिलं की शेवटी एकजण हात वर करतोच: "पण ख्रिश्चन लोकांना हे कुठं पटतंय? त्यांचा आदाम, बायबलातला पहिला माणूस, आहे की!" आपल्याकडे 'ख्रिश्चन' या एका शब्दात सगळेच बसतात. अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्या प्रॉटेस्टंट, तर इथले कॅथलिक पुणे धर्मप्रांतातले. शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून शिक्षकावर खटला भरला गेला तो १९२५ साली अमेरिकेतल्या टेनेसीत, आणि त्यामागचा जोर प्रॉटेस्टंटांचा होता. कॅथलिकांची गोष्ट वेगळी आहे आणि ती बरीचशी पुस्तकांच्या बाजारात घडली.

डार्विनचा मुख्य ग्रंथ १८५९ साली आला. रोमची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य सत्तेची, निषिद्ध ग्रंथांची यादी १९६६पर्यंत चालू होती, पण तिच्यात डार्विनचं नाव कधीच चढलं नाही. गंमत म्हणजे त्याच्या आजोबांचा, इरॅस्मस डार्विन यांचा ग्रंथ १८१७ सालीच यादीत गेला होता! नातवाला हात न लावणाऱ्या रोमने कान धरले ते घरच्या लेखकांचे.

सुरुवात तशी गोड होती. इंग्लंडचे कॅथलिक प्राणिशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मायव्हर्ट यांनी १८७१ साली लिहिलं की माणसाचं शरीर उत्क्रांतीतून आलं असेल, आत्मा मात्र देवाने दिला. डार्विनचा पाठीराखा टी. एच. हक्सली त्यांच्यावर तुटून पडला. पोप नववे पायस यांनी उलट १८७६ साली त्यांना डॉक्टरेट दिली. (पुढे १९०० साली त्यांना चर्चचे धार्मिक संस्कार नाकारले गेले, पण ते वेगळ्या लेखांवरून.) मग हवा फिरली. फ्रान्सचे डॉमिनिकन या कॅथलिक संघातले धर्मगुरू लेरॉय यांना १८९५ साली वर्तमानपत्रातून शरीराच्या उत्क्रांतीबद्दलचं आपलं मत जाहीरपणे मागे घ्यावं लागलं. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाचे फादर जॉन झाम यांच्या उत्क्रांतीवरच्या १८९६च्या पुस्तकावर दोन वर्षांनी बंदीचा निर्णय झाला, पण तो छापलाच नाही. झाम यांनीच इटालियन अनुवादकाला पत्र लिहून पुस्तक मागे घ्यायला सांगितलं. बंदी न गाजवता पुस्तक बाजारातून उठवायचं, अशी ही रीत. तिचे कागद अभ्यासकांना मिळाले ते १९९८ साली रोमचं जुनं दफ्तर उघडल्यावर.

या साऱ्यात सर्वांत जास्त वाचले गेले ते तेयार द शार्दां. जेझुइट या कॅथलिक संघातले धर्मगुरू आणि जीवाश्मांचे तज्ज्ञ. चीनमध्ये सापडलेल्या आदिमानवाच्या, म्हणजे 'पेकिंग मानवा'च्या, अवशेषांच्या कामात त्यांचा हात होता. मानवावरचा त्यांचा मोठा ग्रंथ छापायला संघाच्या वरिष्ठांनी ते हयात असेपर्यंत परवानगी दिली नाही. १९५५च्या ईस्टरला ते गेले आणि त्याच वर्षी पुस्तक आलं. त्याच्या इंग्रजी अनुवादाची एक प्रत मला इथल्या रद्दीवाल्याकडे मिळाली: पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या, पाठीचा डिंक सुटलेला. पहिलंच पान उघडलं तर प्रस्तावना ज्युलियन हक्सली यांची. म्हणजे मायव्हर्टवर तुटून पडलेल्या हक्सलीचा हा नातू, तोही नास्तिक! लेखक सुरुवातीलाच बजावतो की हे धर्मशास्त्र नव्हे, विज्ञान म्हणून वाचा. शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६१ साली त्या विज्ञानाची सालटी काढली. पुढच्याच वर्षी, ३० जून १९६२ रोजी, रोमने त्यातल्या धर्मशास्त्राविरुद्ध ताकीद काढली. दोन्हीकडून मार खाल्लेलं पुस्तक, आणि खप मात्र दणदणीत. माझ्या मते मेडावर यांचं म्हणणं बरंचसं रास्त होतं, पण ती भाषा वाचकाला ओढून नेते हेही खरं.

अधिकृत भूमिका मधल्या काळात सैल झाली होती. पोप बारावे पायस यांनी १९५० साली शरीराच्या उत्क्रांतीवर तज्ज्ञांनी खुशाल चर्चा करावी, असं सांगितलं. अट एवढीच की आत्मा देवाचाच, आणि सगळी माणसं एका आदामाचीच लेकरं. खरी गाठ या दुसऱ्या अटीत आहे, कारण आजचं जनुकशास्त्र सांगतं की आपले पूर्वज कधीच एका जोडप्याइतके कमी नव्हते, हजारोंच्या संख्येत होते. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांतीला 'निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक' म्हटलं, पण ही गाठ त्यांनी सोडवली नाही.

त्यानंतरचं भांडण उघड्यावर झालं. जुलै २००५मध्ये कार्डिनल शोनबॉर्न यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये नवडार्विनवादावर, म्हणजे उत्क्रांती निव्वळ योगायोग आणि निवडीतून होते या मतावर, टीका केली. त्यांना जाहीर उत्तर दिलं ते व्हॅटिकन वेधशाळेचेच तेव्हाचे संचालक, जेझुइट जॉर्ज कॉइन यांनी. त्याच वर्षी अमेरिकेत शाळेत उत्क्रांतीच्या जोडीला 'बुद्धिमान रचना' आणण्यावरून झालेल्या डोव्हरच्या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने पहिली साक्ष झाली ती केनेथ मिलर यांची. हे जीवशास्त्रज्ञ आणि पाठ्यपुस्तकांचे लेखक स्वतः कॅथलिक.

तेयार यांच्यावरची ताकीद १९८१ साली रोमने पुन्हा अधोरेखित केली. २०१७ साली ती उठवावी, अशी विनंती पोप फ्रान्सिस यांच्याकडे गेली, आणि ती करणारी होती व्हॅटिकनचीच संस्कृती परिषद.