भट्टीत घातलं म्हणजे वेल्डमधला ताण गेला?

"वेल्डला स्ट्रेस रिलीव्ह केलंय, आता टेन्शन नाही" (म्हणजे भट्टीत तापवून आतला ताण घालवला) हे वाक्य आपल्याकडे शॉप फ्लोअरवर सर्रास ऐकू येतं. दोन्ही पाइप एकाच स्टीलचे असतील तर ते बरंचसं खरंय, पण एका बाजूला क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम असलेलं स्टील) आणि दुसऱ्या बाजूला स्टेनलेस असेल तर नाही, आणि हेच लोकांना पटत नाही.

वेल्डचा वितळलेला धातू थंड होताना आकसतो, शेजारचं गार स्टील त्याला आकसू देत नाही, म्हणून आत ताण अडकून राहतो, कधीकधी यील्ड स्ट्रेंथच्या (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला-ताणायला लागतं) जवळपास. ७०० अंशांच्या आसपास तापवून तासभर ठेवलं की स्टील मऊ पडतं, हळूहळू सरकतं आणि ताण सैल होतो. इथपर्यंत सगळं ठीक.

खरी गंमत थंड होताना आहे! ७०० अंशांवरून खोलीच्या तापमानाला येताना एक मीटर क्रोम-मॉली साधारण १० मिमी आकसतं आणि स्टेनलेस १३ मिमी. सुटे असते तर प्रश्न नव्हता, पण हे दोघे एकमेकांना चिकटलेत, मग स्टेनलेस ओढलं जातं आणि क्रोम-मॉली दाबलं जातं. तो ३ मिमीचा फरक पूर्णपणे ताणात गेला तर आकडा ६०० एमपीएच्या (मेगापास्कल, ताणाचं एकक) घरात जातो, आणि ३०४ स्टेनलेसची यील्ड तर २०५ पासून सुरू होते, म्हणजे ते तिथेच यील्ड होणार. थोडक्यात जुना ताण गेला आणि भट्टीनेच नवा भरला, कितीही सावकाश थंड करा. शिवाय त्या तापमानाला कार्बन क्रोम-मॉलीतून जास्त क्रोमियमच्या बाजूला सरकतो आणि मागे मऊ पट्टा उरतो तो वेगळाच.

म्हणून आधी क्रोम-मॉलीच्या तोंडावर निकेल अलॉयचा थर चढवतात (बटरिंग), तेवढंच हीट ट्रीट करतात आणि मग स्टेनलेस जोडून पुन्हा भट्टीत घालत नाहीत. निकेल अलॉयचं प्रसरण दोघांच्या मधलं आणि कार्बन त्यातून सहज पळत नाही. पण "इन्कोनेल (अशाच निकेल अलॉयचं व्यापारी नाव) वापरलं की विषय संपला" हीसुद्धा अंधश्रद्धाच, अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या व्ही. सी. समर अणुवीज केंद्रात २००० साली अशाच निकेल अलॉयच्या वेल्डला आरपार तडा गेला होता, रिॲक्टरचं गरम पाणी आणि आत राहिलेला ताण दोन्ही मिळून.

कल्पाक्कमच्या फास्ट रिॲक्टरसाठी (एक प्रकारची अणुभट्टी) आपल्या लोकांनी ३१६एलएन (एक स्टेनलेस) आणि ९ क्रोम (९ टक्के क्रोमियमचं क्रोम-मॉली) स्टीलच्या मध्ये अलॉय ८०० (लोखंड-निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) चा तुकडा घालून तीन धातूंचा जॉइंट केला, म्हणजे प्रसरणातली एक मोठी उडी दोन छोट्या पायऱ्यांत वाटली गेली.