बाक (हॉकी स्टिकचा)

हॉकीची स्टिक सपाट बाजू खाली करून शहाबादी फरशीवर ठेवली, तर ती सगळी फरशीला टेकत नाही. मुठीचे टोक टेकते, खालचे हेड (चेंडू मारायचा वळलेला भाग) टेकते आणि मधला दांडा कमानीसारखा वर राहतो. या कमानीची सर्वांत जास्त उंची म्हणजे स्टिकचा बाक. मैदानावर त्याला ‘बो’ म्हणतात. दुकानातल्या स्टिकवर ‘लो बो’, ‘मिड बो’ अशी अक्षरे असतात ती याच कमानीबद्दल. लो बोमध्ये कमानीचा उंच बिंदू हेडच्या जवळ असतो, मिड बोमध्ये त्याहून वर. फटका, ड्रॅग फ्लिक (चेंडू स्टिकवर ओढत नेऊन उचलून भिरकावणे), ड्रिबलिंग या सगळ्यांवर बाकाचा परिणाम होतो. पण पास घेताना तो जितका जाणवतो तितका इतर वेळी जाणवत नाही आणि स्टिक विकत घेताना नेमका याच गोष्टीचा विचार सर्वांत कमी होतो.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमानुसार बाक २५ मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. पूर्वी ही मर्यादा ५० मिलिमीटर होती, ती निम्म्यावर आणली गेली. कमानीचा सर्वांत उंच बिंदू हेडच्या तळापासून किमान २०० मिलिमीटर वर असावा लागतो. स्टिकची लांबी १०५ सेंटिमीटरपर्यंत आणि वजन ७३७ ग्रॅमपर्यंत चालते. शिवाय ती ५१ मिलिमीटर आतील व्यासाच्या कड्यातून पार व्हावी लागते. घरच्या घरी बाक तपासण्याची सोपी युक्ती आहे. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर. फरशीवर पालथ्या ठेवलेल्या स्टिकखालून हे नाणे उभे घरंगळत पलीकडे गेले, तर ती स्टिक सामन्यात चालणार नाही. नवी, नामांकित बनावटीची स्टिक सहसा या परीक्षेत नापास होत नाही. जुन्या, हातोहात फिरलेल्या स्टिकबद्दल मात्र खात्री करून घेतलेली बरी.

बाक किती, यापेक्षा तो कुठे आहे याला महत्त्व अधिक. समजा, स्टिक उभी धरली आणि मूठ व हेड एका ओळंब्यात आणले. सपाट बाजू आतून खोलगट असल्याने दांड्याचा मधला भाग मागे राहतो आणि हेडपासून वर जाणारा दांडा मागे कलतो. म्हणजे चेंडू जिथे लागतो तिथला पृष्ठभाग किंचित आभाळाकडे तोंड करून असतो. २५ मिलिमीटरचा बाक हेडपासून २०० मिलिमीटरवर असेल, तर हा कल सरासरी ७ अंशांच्या आसपास येतो. तोच बाक २० मिलिमीटरचा आणि ३०० मिलिमीटरवर असेल, तर कल ४ अंशांच्याही आत राहतो. आरशावर पडलेला किरण कलाच्या दुप्पट कोनात वळतो, तशीच चेंडूचीही प्रवृत्ती असते. एवढ्याने १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा टणक चेंडू थेट आकाशात जात नाही, पण स्टिकला बिलगून राहायच्या ऐवजी वीतभर उडी घेतो. तेवढ्या वेळात समोरचा बचावपटू येऊन पोहोचतो.

यावर उपाय म्हणजे हात पुढे नेणे. डावा हात, म्हणजे वरचा, येणाऱ्या चेंडूच्या दिशेने पुढे आला की हेड मागे राहते, पृष्ठभाग जमिनीकडे झुकतो आणि चेंडू खाली दाबला जातो. कुठल्याही मैदानावर सकाळच्या सरावाला कान दिला, तर प्रशिक्षकांचे ‘हात पुढे! हात पुढे!’ ऐकू येते, ते याच कारणाने. लो बो स्टिकवर हे हात मिड बो स्टिकपेक्षा आणखी थोडे पुढे न्यावे लागतात. थकलेल्या खेळाडूला शेवटच्या दहा मिनिटांत हाच ‘आणखी थोडे’ जमत नाही.

मग लो बो स्टिक लोक घेतात कशाला? ड्रॅग फ्लिकसाठी. पेनल्टी कॉर्नरवर चेंडू दांड्याच्या खोलगट भागात धरून ओढत नेता येतो, त्यामुळे तो जास्त वेळ स्टिकवर राहतो आणि झेपावतो जोरात. चेंडू उचलून बचावपटूच्या स्टिकवरून नेण्याच्या कसरतींनाही असा बाक सोयीचा. ड्रॅग फ्लिकर हरमनप्रीत सिंगने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० गोल केले, भारताला कांस्यपदक मिळाले आणि बऱ्याच मुलांना ड्रॅग फ्लिकर व्हावेसे वाटू लागले, यात नवल नाही. पण संघात फ्लिक मारणारे एक-दोघे असतात आणि पास घ्यावा लागतो अकराही जणांना. मधल्या फळीतल्या मुलाच्या हाती फ्लिकरची स्टिक देणे म्हणजे रोजच्या भाजीसाठी पुरणयंत्र विकत घेण्यासारखे आहे.

नाशिकमध्ये या निवडीला मैदानाचा आणखी एक पदर जोडला जातो. देवळालीची तोफखान्याची शाळा, नाशिक रोडचे आर्टिलरी सेंटर, १९३७ मध्ये डॉ. बा. शि. मुंजे यांनी स्थापन केलेले भोसला मिलिटरी स्कूल यांच्यामुळे शहराला मोकळ्या मैदानांची आणि कवायतीची सवय जुनी आहे. हॉकी मात्र इथे क्रिकेटच्या सावलीतच वाढते. शाळकरी खेळाडूला सराव मिळतो तो बहुतेक वेळा मुरमाच्या मैदानावर. पावसाळ्यात वरचा थर वाहून जातो आणि खालचे खडे उघडे पडतात. दसऱ्यानंतर ऊन लागले की तोच मुरूम घट्ट बसून फरशीसारखा कडक होतो. अशा जमिनीवरून येणारा पास सरळ येतो असे मानणे भाबडेपणाचे ठरते. चेंडू शेवटच्या हातभर अंतरावर खड्याला लागतो आणि गुडघ्यापर्यंत उसळतो.

मुरमावर म्हणून दोन गोष्टी बदलतात. पहिली, चेंडू घेण्याची पद्धत. गुळगुळीत टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, खाली वाकून स्टिक जवळजवळ आडवी टाकली, तर रुंद पट्टा अडवता येतो. खडबडीत जमिनीवर आडव्या स्टिकवरून चेंडू उडी मारून जातो, तर उभी स्टिक उसळलेला चेंडूही दांड्यावर अडवते. दुसरी, बाकाची निवड. चेंडू स्वतःच उसळत असताना त्याला वर उचलणारा पृष्ठभाग पुढे करणे म्हणजे आगीत तेल. त्यामुळे मुरमावर शिकणाऱ्याने सौम्य बाकाची, उंच बिंदू वरच्या बाजूला असलेली स्टिक घ्यावी, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे. तिच्यावर हातांची चूक थोडी खपून जाते. जिल्हा आणि विभाग पार करून राज्य स्पर्धेसाठी पुण्या-मुंबईच्या टर्फवर जाण्याची वेळ आली, तरी ही स्टिक आडवी येत नाही. उलट टर्फवर चेंडू वेगाने पण शहाण्यासारखा येतो, त्यामुळे मुरमावर तयार झालेले हात तिथे सुखावतात. अडचण होते ती वेगाची, बाकाची नाही.

मुरमाची आणखी एक देणगी म्हणजे हेडच्या टोकाची झीज. कंपोझिट (कार्बन-फायबरग्लासच्या) स्टिकचे टोक दोनेक महिन्यांत पांढरे पडते, मग धागे सुटू लागतात. मुले त्यावर टेपचे वेढे मारतात. पातळ टेप चालून जाते; पण थरावर थर चढले की हेडच्या खालच्या कडेला उंचवटा येतो, चेंडू तिथे अडखळतो आणि दोष मात्र बाकाला मिळतो.

पास नीट न बसण्याचे खापर केवळ बाकावर फोडणेही बरोबर नाही. स्टिकमध्ये कार्बनचे प्रमाण जितके जास्त तितकी ती ताठ. ताठ स्टिकचा फटका जोरदार, पण तिच्यावरून येणारा चेंडूही तितक्याच तत्परतेने परत उडतो. फायबरग्लासचा अंश जास्त असलेली स्टिक चेंडूचा वेग थोडा पिऊन टाकते. पूर्वीच्या तुतीच्या लाकडाच्या स्टिक या बाबतीत फार समजूतदार होत्या. फाळणीपूर्वी सियालकोट हे त्यांचे मोठे केंद्र होते, पुढे भारतात जालंधर आणि मेरठ इथे हा धंदा वाढला. वाफेवर नरम करून वळवलेल्या त्या हेडवर चेंडू ‘टप्’ असा मऊ आवाज करून थांबत असे. त्यांचा दांडा जवळजवळ सरळच होता आणि बाक हा शब्द तेव्हाच्या खेळाडूंच्या बोलण्यात फारसा नव्हता.

हेडचा आकारही पाहावा लागतो. शॉर्टी हेड आखूड, वळवायला चपळ, पण अडवायला लहान. मिडी हे मधले आणि सर्वाधिक वापरातले. मॅक्सी आणि हुक यांत चेंडू अडवायला जास्त जागा मिळते, विशेषतः रिव्हर्स, म्हणजे खेळाडूच्या डाव्या बाजूने. रिव्हर्सला स्टिक उलटी करून चेंडू घेतला तरी सपाट बाजूच वापरावी लागते, कारण पाठीमागच्या गोल बाजूने चेंडू खेळणे नियमबाह्य आहे. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिकही नसते. सगळ्यांनी त्याच एका बाजूशी जुळवून घ्यायचे.

इंटरनेटवर ‘हॉकी स्टिकचा कर्व्ह’ शोधणाऱ्याची हमखास फसगत होते, कारण समोर येते ती बहुतेक आइस हॉकीची माहिती. तो खेळ वेगळा, स्टिक वेगळी. तिथे दांडा सरळ असतो आणि वक्रता असते ती बर्फावर टेकणाऱ्या पात्याला, तीही आडव्या दिशेने. डाव्या आणि उजव्या हाताची पातीही वेगळी असतात. १९६० च्या दशकात शिकागोचे स्टॅन मिकिटा आणि बॉबी हल यांनी वाकडे पाते लोकप्रिय केले. उत्तर अमेरिकेतील एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये या वक्रतेची मर्यादा पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर आहे. पात्याच्या मध्यावर मध्यम वक्रता असली, तर पक (तिथली चेंडूऐवजीची रबरी चकती) द्रोणात बसावी तशी फोरहँडवर बसते. बॅकहँडवर मात्र तीच वक्रता बाहेरून फुगीर असल्याने पक निसटते आणि तिथे चपटे पाते बरे पडते. पात्याचे तोंड फार उघडे असेल, तर पक वर चढून निघून जाते. नाशिकच्या मुरमावर लो बो स्टिकवरून चेंडू उडतो तो याच न्यायाने. सारखेपणा इथेच संपतो. तिथले पात्यांचे तक्ते इथे स्टिक निवडायला उपयोगी नाहीत.

निवडीची खरी परीक्षा फरशीवर नव्हे, मैदानावर होते. सोबत्याची स्टिक दहा मिनिटे मागून घ्यावी, पंधरा पावलांवरून कुणाला तरी जोरात पास द्यायला सांगावे आणि हातांची ठेवण मुद्दाम न बदलता वीस चेंडू घ्यावेत. खालचा, म्हणजे उजवा हात ढिला ठेवावा. तो आवळला की कोणतीही स्टिक भिंतीसारखी वागते. किती चेंडू स्टिकला चिकटून थांबले, किती उडाले आणि किती पायात आले, ते मोजावे. मग लांबी आणि वजन न बदलता वेगळ्या बाकाच्या स्टिकवर तेच वीस चेंडू. उडालेल्या चेंडूंचा आकडा दोन्ही वेळा जवळपास सारखाच आला, तर नव्या स्टिकचे पैसे वाचले.