रस्टमधील कॉन्फिगरेशन आणि 'सांगितलेच नाही' याची नोंद

सर्व्हरचा प्रोग्राम सुरू होताना त्याला पोर्ट क्रमांक, जोडण्यांची कमाल संख्या, लॉग फाइलचा पत्ता अशा गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. ही मूल्ये प्रोग्राममधली डिफॉल्ट मूल्ये, कॉन्फिग फाइल आणि कमांड लाइन (प्रोग्राम सुरू करताना टाइप केलेली आज्ञा) यांतून येतात, आणि मतभेद झाल्यास सहसा कमांड लाइनचे म्हणणे मानले जाते.

आता डिफॉल्ट पोर्ट 8080 आहे, फाइलमध्ये 9000 लिहिले आहे आणि कमांड लाइनवरून भरलेल्या स्ट्रक्टमध्ये (संबंधित मूल्ये एकत्र ठेवणाऱ्या रचनेत; तिच्यातली प्रत्येक जागा म्हणजे फील्ड) 8080 दिसते आहे, असे समजा. वापरकर्त्याने ते मुद्दाम मागितले, की त्याने काहीच न सांगितल्यामुळे डिफॉल्ट तेथे येऊन बसले, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत हा फरक ऑप्शन (Option) या टाइपने जपता येतो: मूल्य दिले असेल तर 'सम' (Some), नसेल तर 'नन' (None). संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 मध्ये नल रेफरन्सची, म्हणजे कशाकडेच न दाखवणाऱ्या आणि तरी न तपासता वापरता येणाऱ्या संदर्भाची, कल्पना आणली आणि 2009 मध्ये स्वतःच तिला एक अब्ज डॉलरची चूक म्हटले. ऑप्शनमध्ये मात्र 'नन'चे काय करायचे हे सांगितल्याशिवाय आतले मूल्य वापरता येत नाही. म्हणून मूळ स्ट्रक्टशेजारी, प्रत्येक फील्ड ऑप्शन असलेले दुसरे स्ट्रक्ट ठेवतात, प्रत्येक स्रोत त्यात वाचतात आणि सर्वांत शेवटी रिकाम्या जागी डिफॉल्ट भरतात.

हे जुळे स्ट्रक्ट हाताने लिहिणे धोक्याचे आहे. दोन अर्धवट स्ट्रक्ट एकत्र करणाऱ्या फंक्शनमध्ये प्रत्येक फील्डसाठी वेगळी ओळ असली आणि नव्या फील्डची ओळ राहून गेली, तर कंपायलर (कोडचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात रूपांतर करणारा प्रोग्राम) तक्रार करीलच असे नाही; वापरकर्त्याने दिलेला पर्याय मात्र निमूटपणे गळून पडतो. फेब्रुवारी 2017 मधील रस्ट 1.15 पासून स्थिर झालेला, स्वतः लिहिता येणारा डिराइव्ह मॅक्रो (कोड लिहून देणारा कोड) हे काम कंपायलेशनच्या वेळीच करतो: मूळ स्ट्रक्टची व्याख्या टोकनांच्या (कोडमधील सुट्या शब्द-चिन्हांच्या) रूपात वाचून तो जुळे स्ट्रक्ट आणि एकत्रीकरणाचे फंक्शन दोन्ही लिहून देतो, त्यामुळे व्याख्या एकाच ठिकाणी राहते.

मॅक्रोला दिसतात ती फक्त टोकने, टाइपचा अर्थ नव्हे. लॉग फाइलचा पत्ता मुळातच ऐच्छिक असेल, तर जुळ्या स्ट्रक्टमध्ये ऑप्शनच्या आत ऑप्शन हवा, कारण 'उल्लेखच नाही', 'लॉग फाइल नको' आणि 'हा घ्या पत्ता' या तीन वेगळ्या स्थिती आहेत. काही मॅक्रो ऑप्शन हे नाव पाहून त्याला पुन्हा ऑप्शनमध्ये गुंडाळणे टाळतात. तसे केल्यास पहिल्या दोन स्थिती एक होतात, आणि ऑप्शनला टोपणनाव दिले असेल तर हा अंदाजही चुकतो. माझ्या मते, कोणते फील्ड गुंडाळायचे आणि कोणते नाही, हे त्या फील्डवर अ‍ॅट्रिब्यूट (मॅक्रोसाठीची सूचना) लिहून स्पष्ट सांगण्याची सोय देणारा मॅक्रोच निवडावा.