काविळीनंतरचे दिवस

खानदेशात कावीळ 'उतरवतात'. डोक्यावर काड्यांची माळ ठेवायची, हात चुन्याच्या पाण्यात धुवायचे. माळ लांबत गेली, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. यश माळेच्या खाती जमा होतं, कारण बहुतेक काविळी तशाही बऱ्या होतात. उरतात ते थोडे रुग्ण, ज्यांचं यकृत काही दिवसांत किंवा आठवड्यांत बंद पडतं. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, मग बरळू लागतो.

यकृत असं अचानक निकामी होण्याच्या या अवस्थेची व्याख्या ट्रे आणि डेव्हिडसन या डॉक्टरांनी १९७० मध्ये केली: आधी यकृताचं दुखणं नसताना, पहिल्या लक्षणापासून आठ आठवड्यांत मेंदूवर परिणाम. भारतीय रुग्ण त्याहून लवकर खालावतात, म्हणून इकडच्या डॉक्टरांनी ही मुदत चार आठवड्यांवर आणली.

कारणंही वेगळी. ब्रिटन-अमेरिकेत पॅरासिटामॉलचा अतिरेक. ब्रिटनने तर १९९८ मध्ये गोळ्यांची पाकिटंच लहान केली. आपल्याकडे मुख्य कारण पाणी. १९५५-५६ मध्ये दिल्लीच्या नळांत यमुनेतलं सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटीस 'ए' समजली गेली. जपून ठेवलेले रक्तनमुने १९८० मध्ये तपासले, तेव्हा ती 'ए' नव्हतीच. १९८३ मध्ये बालायान या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन नवा विषाणू दाखवला (असं धाडस आज कुठली समिती मंजूर करणार नाही). तोच हिपॅटायटीस 'ई'. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला तो सर्वांत घातक.

खानदेशाला जवळची वाटावी अशी घटना मात्र १९७४ची. राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहालच्या भिल्ल गावांत अवकाळी पावसाने मका भिजला, त्यावर बुरशी धरली. तोच मका दळून खाल्लेल्या सुमारे ४०० जणांना कावीळ आणि जलोदर (पोटात पाणी साठणं) झाला, शंभरावर माणसं गेली. घरातली कुत्रीही मेली. तीही त्याच भाकरीवर होती. विष अफ्लाटॉक्सिनचं, म्हणजे त्या बुरशीतून तयार होणाऱ्या द्रव्याचं, होतं. वरच्या व्याख्येत हे सगळे रुग्ण काटेकोर बसत नाहीत, पण मक्याची भाकरी सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्यातही खातात, म्हणून ही गोष्ट इथे यायलाच हवी. क्षयाच्या गोळ्या आणि उंदीर मारायचं औषध ही आणखी दोन कारणं.

रुग्ण जगतो किती, याचं एक उत्तर उलटं वाटेल. १९९३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या डॉक्टरांनी यकृत निकामी झालेल्या जुन्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कावीळ दिसल्यावर सात दिवसांत भ्रम झालेल्यांपैकी ३६ टक्के वाचले होते. पाच ते बारा आठवड्यांनी झालेल्यांपैकी फक्त १४ टक्के. त्या पहिल्या गटात पॅरासिटामॉलचे रुग्ण बरेच होते आणि ते तुलनेने जास्त वाचतात, हे खरं. तरी हळूहळू चढणारी कावीळच जास्त फसवी ठरते: घरच्यांना वाटतं, अजून वेळ आहे, एक माळ आणखी घालून बघू. यकृत प्रत्यारोपणाचा विचार करायचा तर धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर आहे, आणि भ्रम झालेल्या माणसाला घेऊन ते अंतर कापायचं असतं.