पार्श्वभूमी: हातभरणीचे काडतूस चेंबरमध्ये का अडते

रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या पोकळीत) ढकलून मागून बंद करणारा भाग, पुढे सरकतो, त्याचा दांडा खाली येऊ लागतो आणि शेवटच्या पाव वळणावर जड होतो. हातभरणी, म्हणजे झाडलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरून काडतुसे करणाऱ्या प्रत्येकाने हा जडपणा तळहातात अनुभवलेला असतो. त्यावर मिळणारा सल्ला ठरलेला: ‘हेडस्पेस बघ’. सल्ला चुकीचा नाही. पण या एका शब्दात गेल्या सव्वाशे वर्षांत इतके वेगवेगळे अर्थ साठले आहेत, की सांगणारा एक मोजतो आणि ऐकणारा दुसरेच काही दुरुस्त करत बसतो. हा गुंता कसा झाला ते कळले, तर अडकलेल्या काडतुसाचे कारण शोधणे बरेच सोपे जाते.

पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाच्या, बुडाला काठ असायचा तेव्हा प्रश्न साधा होता. १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेले .३०३ काडतूस त्याच पठडीतले. काठ चेंबरच्या तोंडाशी अडतो, बोल्ट त्याला मागून आधार देतो आणि काठासाठी उरलेली जागा म्हणजे हेडस्पेस. सैनिकी रायफलीत ती साधारण ०.०६४ ते ०.०७४ इंच धरली जाई. पुढच्या काळातल्या रायफलींना ० ते ३ क्रमांकांची बोल्टची डोकी होती. झीज झाली की पुढच्या क्रमांकाचे डोके बसवायचे. चिखल-धूळ लागलेले काडतूसही आत जावे म्हणून चेंबरचा पुढचा भाग मुद्दाम ऐसपैस ठेवलेला असे. त्यामुळे पहिल्याच बारात पुंगळीचा खांदा, म्हणजे तिचे रुंद अंग निमुळते होऊन गोळी धरणाऱ्या मानेला मिळते तो उतार, बराच पुढे फुगतो. कारखान्याला त्याचे सोयरसुतक नव्हते, कारण पुंगळी एकदाच वापरायची होती. ती पुन्हा भरणाऱ्याला मात्र हाच खांदा छळतो.

बिनकाठी काडतुसे त्याच सुमारास जर्मनीत आली, आणि १९०६ च्या .३०-०६ नंतर शिकारी रायफलींतही रुळली. आता काडतुसाला अडवायचे काम काठाकडून खांद्याकडे गेले. खांदा उतरता असल्याने मोजायचे नेमके कुठपर्यंत, हा प्रश्न उभा राहिला. त्यावर उपाय म्हणून खांद्यावर एक काल्पनिक वर्तुळ ठरवले गेले. .३०८ चे उदाहरण घेऊ: चेंबरच्या खांद्यावर जिथे व्यास बरोबर ०.४०० इंच भरतो, तिथपासून बोल्टच्या तोंडापर्यंतचे अंतर किमान १.६३० आणि कमाल १.६४० इंच. हे हेडस्पेस. ते रायफलीचे माप आहे, बोल्ट आणि नळी यांच्यातले. पुंगळीला स्वतःचे हेडस्पेस नसते. तिला बुडापासून त्याच वर्तुळापर्यंतची लांबी असते.

हा फरक मला अतिशय महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडा थांबतो. पुंगळीची ही लांबी कॅलिपरला जोडायच्या साध्या कड्याने घरबसल्या मोजता येऊ लागली, तेव्हापासून लोक ‘माझ्या पुंगळीचे हेडस्पेस १.६२८ आहे’ असे बिनदिक्कत म्हणू लागले. त्या कड्याचे भोक ठरलेल्या वर्तुळाच्या व्यासाशी तंतोतंत जुळेलच असे नाही, शिवाय त्याच्या तोंडाची कड थोडी मारलेली असते. त्यामुळे दोन जणांच्या कड्यांवर एकाच पुंगळीचे दोन आकडे येतात. उपयोगाचा असतो तो फरक: आपल्याच रायफलीत झाडलेली पुंगळी आणि डायमधून (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) काढलेली पुंगळी, दोन्ही एकाच कड्यावर मोजल्यावर येणारा. एकाचा आकडा दुसऱ्याने आपल्या डायसाठी वापरला, की अडकलेल्या काडतुसांचा डबा तयार झालाच म्हणून समजा.

गुंत्यात भर मानकांनीच घातली. अमेरिकी मानकात .३०८ च्या काडतुसाची हीच लांबी कमाल १.६३४ इंच चालते, आणि चेंबर किमान १.६३० चे चालते. म्हणजे मानकात चोख बसणारे काडतूस मानकात चोख बसणाऱ्या चेंबरपेक्षा चार हजारांश इंच, कारखान्याच्या भाषेत चार थाउ, लांब असू शकते. बोल्टच्या जोराने पितळ तेवढे दबते, हा त्यामागचा हिशेब. तेव्हा दांडा किंचित जड लागणे म्हणजे दर वेळी दोषच असतो असे नाही. मात्र तो जडपणा हवा होता की नकळत आला, हे भरणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे.

सगळ्यात वादग्रस्त निर्णय पट्ट्याचा. १९१२ मध्ये एका ब्रिटिश बंदूककाराने मोठ्या शिकारीसाठी .३७५ मॅग्नम काढले. निमुळते अंग आणि सौम्य उताराचा खांदा, त्यामुळे ते चेंबरमध्ये सुळकन जाई. पण एवढ्या उतरत्या खांद्यावर हेडस्पेसचा भरवसा ठेवणे अवघड. म्हणून बुडाशी पितळेचा पट्टा ठेवला आणि काठाचे काम त्याला दिले. त्या काडतुसापुरता हा निर्णय मला योग्य वाटतो. खरी अडचण पुढच्या पिढीने केली. १९५६ चे .४५८, १९५८ चे .३३८, १९६२ चे ७ मिमी, १९६३ चे .३०० या सगळ्या मॅग्नमना पट्टा मिळाला. यांतल्या .४५८ ला खांदाच नाही, त्यामुळे तिथे पट्ट्याला काम आहे. बाकीच्यांना मात्र अडायला पुरेसा चढ असलेला खांदा होता, तरी पट्टा राहिला. मॅग्नम म्हटले की गिऱ्हाईकाला पट्टा दिसायला हवा, अशी समजूत बाजारात तयार झाली होती.

याची किंमत हातभरणी करणाऱ्याने मोजली. हेडस्पेस पट्ट्यावर धरल्यामुळे चेंबरचा खांदा नेमका कुठे आहे याची फारशी काळजी कुणी घेतली नाही. पहिल्या बारात खांदा कित्येक थाउ पुढे जातो आणि पट्ट्याच्या लगेच पुढचे पितळ ताणले जाते. भरणाऱ्याने डाय दर वेळी तळापर्यंत बसवून खांदा मागे ढकलला, की तेच पितळ पुन्हा पुन्हा ताणले जाऊन शेवटी पट्ट्याच्या पुढे तुटते. याउलट दुसरी अडचण अशी, की पट्ट्याला लागून असलेल्या अरुंद भागापर्यंत नेहमीच्या डायचे तोंड पोचत नाही. तीन-चार भरण्यांनंतर तिथे फुगीर कडे उभे राहते आणि काडतूस अगदी शेवटच्या टप्प्यावर घट्ट होते. खांदा बरोबर, लांबी बरोबर, तरी बोल्ट बंद होत नाही. त्या फुगीर कड्यासाठी पुढे चिरा असलेल्या कॉलरच्या खास डाय निघाल्या. आज जाणकार पट्टेवाली पुंगळीही खांद्यावरच बसवतात आणि पट्टा नाहीच असे धरून चालतात. १९९९ नंतरच्या मोठ्या मॅग्नमांत तर पट्टा गेलाच; २००१ ची आखूड मॅग्नम आणि २०१८ चे .३०० त्याच वाटेने आले.

युद्धोत्तर काळाने आणखी एक धडा दिला. १९५४ मध्ये ७.६२ मिमीचे काडतूस नाटोचे प्रमाण ठरले. पुढे मशीनगनमध्ये झाडलेल्या त्याच्या पुंगळ्या स्वस्तात मिळू लागल्या. मशीनगनचे चेंबर ढिले, त्यामुळे पुंगळी बुडाजवळ जास्त फुगते. साधी डाय तो भाग पुरता दाबत नाही आणि स्वयंचलित रायफलीत बोल्टला दांडा ओढणाऱ्या हाताचा जोर मिळत नाही. बुडाशी अधिक तंग असलेल्या डाय यातून लोकप्रिय झाल्या. बोल्ट हाताने चालणाऱ्या, आपल्याच चेंबरच्या पुंगळ्या भरणाऱ्यांनीही त्या घेतल्या. त्यांना बहुतेक वेळा त्यांची गरज नव्हती.

मग नुसती मान दाबण्याची पद्धत. गेल्या शतकाच्या मध्यापासून अचूकतेचे नेमबाज सांगत, की पुंगळी आपल्या चेंबरच्या साच्यात बसली आहे, तिचे अंग कशाला छेडायचे? पितळ जोवर थोडे परत आकसते तोवर हे चालते. प्रत्येक बारागणिक ते कडक होत जाते, परतण्याची जागा संपते आणि काही भरण्यांनंतर बोल्ट हट्टी होतो. गेल्या दोन-तीन दशकांत बरेचसे स्पर्धक पूर्ण लांबीच्या डायकडे वळले, फक्त खांदा एक-दोन थाउच मागे नेऊ लागले. मला हाच मार्ग पटतो.

मात्र तो अर्धवट केला तर फसतो, आणि मी स्वतः यात फसलो आहे. डाय थोडी वर ठेवली होती, ‘खांदा फार मागे जायला नको’ म्हणून. झाडलेली पुंगळी चेंबरमध्ये सहज जात होती. डायमधून काढलेली तीच पुंगळी जाईना. खांद्याला मार्करची शाई लावून बोल्ट हळू बंद केला तेव्हा खांद्यावरच चकचकीत वलय उमटले. डायने अंग आवळले, पितळाला जायला जागा पुढेच होती, म्हणून खांदा उलट पुढे सरकला होता. डायला एका इंचात १४ आटे असतात, म्हणजे एक पूर्ण वळण साधारण ०.०७१ इंचाचे. दोन थाउसाठी त्या वळणाचा पस्तिसावा हिस्सा पुरतो. ‘होल्डरला (पुंगळी बुडाशी धरणाऱ्या भागाला) टेकवून आणखी पाव वळण खाली’ ही डायबरोबर येणारी जुनी सूचना कोणत्याही रायफलीत पुंगळी जावी म्हणून आहे, तुमच्या चेंबरचे माप तिला ठाऊक नसते.

शाईची ही युक्ती पूर्वी मेणबत्तीच्या काजळीने करत. मान पूर्वी लांब झाली की तासून टाकत, आजही तेच. ती लांबच राहिली तर चेंबर तिला गोळीवर आवळते, काडतूस बळाने आत जाते आणि दाब धोकादायक वाढतो. रिकामी दाबलेली पुंगळी सुटी जाते पण भरलेले काडतूस अडते, तेव्हा पुंगळी दाबणाऱ्या डायला हात लावू नये. गोळी नळीच्या खाचांना टेकली असेल, किंवा पुंगळ्या असमान लांबीच्या असल्याने मानेचे तोंड गोळीवर आवळताना खांद्याखाली फुगवटा आला असेल. ही तपासणी फायरिंग पिन काढलेल्या बोल्टने आणि रिकाम्या, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेल्या पुंगळीवर आधी करावी, म्हणजे दांड्याचा जडपणा पितळाचा आहे की स्प्रिंगचा, हेही बोटांना कळते. जिवंत काडतूस जोर लावून कोंबू नये. ते काढून बाजूला ठेवावे.